सिगारेटमधील निकोटीन : एका आकड्याचा शोध

(द्वितीय वर्ष, कला)

दुधाच्या पिशवीवर स्निग्धांश किती टक्के ते छापलेले असते. बिस्किटाच्या पुड्यावर साखर किती, मीठ किती याचा तक्ता असतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर तर एकेक घटक मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. मग ज्या एका द्रव्यासाठी माणूस सिगारेट ओढतो, ते निकोटीन एका सिगारेटमध्ये किती असते, हे कुठे छापलेले असते? हा प्रश्न घेऊन मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत नारायण पेठेत आणि पेठेबाहेर हिंडले, लोकांना विचारले, मिळेल ते वाचले. त्यातून जे हाती आले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना यातले रसायनशास्त्र बाळबोध वाटेल. त्यांनी ते चालवून घ्यावे. गंमत अशी की, या प्रश्नाची गाठ शेवटी सुटली ती प्रयोगशाळेतल्या ज्ञानाने नव्हे, तर आमच्या मानसशास्त्राच्या तासाला शिकलेल्या दोन शब्दांनी.

प्रश्नाला निमित्त घरचेच आहे. माझे वडील पेठेतल्या एका छापखान्यात बाइंडिंगचे काम करतात. त्यांनी जवळजवळ तीस वर्षे विडी ओढली. दोन वर्षांपूर्वी जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी ‘सोडा’ म्हणून सांगितले. वडिलांनी सोडली नाही, पण विडी टाकून ‘हलकी’ सिगारेट धरली. “हिच्यात निकोटीन कमी असतं गं, पानवाल्यानंच सांगितलं,” असे ते आईला समजावतात. आईचा असल्या सांगण्यावर विश्वास नाही. ती रात्रीचा खोकला मोजते. दोघांचे जमेना, तेव्हा निवाडा माझ्याकडे आला. घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे जगातली यच्चयावत माहिती मला असावी अशी दोघांचीही समजूत आहे!

पहिली पायरी अर्थातच पानपट्टी. मुलीने पानपट्टीवर उभे राहून सिगारेटची पाकिटे चाळावीत हे आपल्याकडे अजून रुळलेले नाही. “कुणासाठी हवं ताई?” असे दुकानदाराने दोनदा विचारले. मी “वाचायला हवं” म्हटल्यावर तो हसला, पण त्याने चारपाच जातींची पाकिटे पुढे टाकली. पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्रमय इशाऱ्याने व्यापलेला असतो; १ एप्रिल २०१६ पासून तसा नियम आहे. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा मोफत दूरध्वनी क्रमांक असतो. किंमत असते, नग किती ते असते, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता असतो. मी पाहिलेल्या एकाही पाकिटावर निकोटीनचा आकडा नव्हता.

समजा, असता तरी काय झाले असते? मी तिथे उभी होते त्या अर्ध्या तासात आलेल्या गिऱ्हाइकांपैकी पूर्ण पाकीट घेणारा एकच निघाला. बाकीच्यांनी एकेक सुटी घेतली आणि दोरीला टांगलेल्या लायटरवर पेटवली. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट व सुटी विडी विकायला बंदी केली आहे, आणि तिच्यामागचा विचार अगदी सरळ आहे : सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसत नाही, म्हणजे त्याच्यावरचा इशाराही दिसत नाही. बंदी कागदावर आहे, सिगारेट बोटांत आहे. असो.

आकडा नाही तर तो असावा असे कुणाला वाटले नाही काय? वाटले, आणि तेही संसदेला वाटले. १९७५ च्या सिगारेटविषयक कायद्याने पाकिटावर फक्त ‘सिगारेट ओढणे आरोग्यास हानिकारक आहे’ एवढे वाक्य सक्तीचे केले होते. त्याची जागा घेणारा २००३ चा मोठा कायदा मात्र पुढे गेला. त्याच्या सातव्या कलमाच्या पाचव्या पोटकलमात स्पष्ट म्हटले आहे की, प्रत्येक पाकिटावर निकोटीन व टार यांचे प्रमाण आणि त्यांची कमाल अनुज्ञेय मर्यादा छापलेली असावी. अकराव्या कलमात हे प्रमाण तपासण्यासाठी प्रयोगशाळांना मान्यता देण्याची तरतूद आहे. पुढे नोएडा, मुंबई आणि गुवाहाटी येथे राष्ट्रीय तंबाखू चाचणी प्रयोगशाळा उभ्याही राहिल्या. म्हणजे कायदा आहे, प्रयोगशाळा आहेत, आणि पानपट्टीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात आकडा नाही.

यात मला एक विसंगती फार बोचली. आपल्या देशात सिगारेटवरचा कर तिच्या लांबीवर ठरतो. ६५ मिलिमीटरपर्यंतची एका दराने, त्याहून लांब दुसऱ्या दराने, अशी ती उतरंड आहे. म्हणजे तिजोरीसाठी सिगारेट मिलिमीटरपर्यंत मोजली जाते. तीच नजर आतल्या मिलिग्रॅमकडे का वळू नये?

मग मोबाईलवर शोधले. तिथे आकड्यांना तोटा नाही. एकाच जातीच्या सिगारेटला एका ठिकाणी ०.८ मिलिग्रॅम, दुसऱ्या ठिकाणी १.२, आणि तिसऱ्या ठिकाणी चक्क १२ मिलिग्रॅम! पहिल्या दोहोंत दीडपटीचा फरक आहे, तो एक वेळ समजू शकतो. पण दहा-पंधरा पटींचा फरक कसा पडावा? शिवाय कुणी मोजले, कधी मोजले, कशाने मोजले, पैसे कुणी दिले यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यांत नव्हते. आमच्या कॉलेजच्या ग्रंथपालांना ते आकडे दाखवले, तेव्हा त्यांनी एकच सूचना केली : “आकड्याच्या आधी क्रियापद शोध. ‘असते’, ‘निघते’ की ‘जाते’?” व्याकरणाचा धडा वाटावा असे हे वाक्य, पण पुढचा सगळा शोध त्याच वाटेने झाला. म्हणून ही तीन क्रियापदे जरा सविस्तर पाहू.

त्यापूर्वी निकोटीनची थोडी ओळख. ज्यां निको हा फ्रान्सचा लिस्बन येथील राजदूत. त्याने १५६० च्या सुमारास तंबाखू फ्रेंच दरबारात पाठवली आणि त्याचे नाव त्या वनस्पतीला चिकटले. शुद्ध द्रव्य वेगळे काढले ते १८२८ मध्ये, हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि रायमन या दोघांनी. आपल्याकडे तंबाखू पोर्तुगीजांबरोबर आली आणि दख्खनमध्ये चांगलीच मुरली. अकबराच्या दरबारात ती पोचली तीसुद्धा १६०४ च्या सुमारास असद बेग या सरदाराने विजापूरहून नेली म्हणून. तेव्हा या बाबतीत उत्तरेला शिकवण्याचा मान दख्खनकडे जातो. तो मिरवावा की लपवावा हे ज्याने त्याने ठरवावे.

आता पहिले क्रियापद : ‘असते’. सिगारेटमधली तंबाखू काढून, वाटून, रासायनिक रीतीने तपासली तर तिच्यात जे निकोटीन सापडते ते तिचे ‘प्रमाण’. एका सिगारेटमध्ये साधारणपणे १० ते १४ मिलिग्रॅम भरते. दुसरे क्रियापद : ‘निघते’. सिगारेट पेटवून तिचा धूर यंत्राने ओढला तर त्या धुरात जे येते ते ‘उत्सर्जन’. हा आकडा बहुधा १ मिलिग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे असतो, कारण उरलेले निकोटीन जळून जाते, बाजूच्या धुरातून हवेत जाते, फिल्टरमध्ये आणि थोटकात राहते. तिसरे क्रियापद : ‘जाते’. म्हणजे ओढणाऱ्याच्या रक्तात प्रत्यक्ष किती शिरते. मोबाईलवरचे ०.८ आणि १२ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात; एक धुराचा, दुसरा तंबाखूचा. त्यांना एकाच रकान्यात बसवणारा तक्ता मात्र बिनकामाचा आहे. आणि आपल्या २००३ च्या कायद्यातला शब्द ‘प्रमाण’ हाच आहे. ते तंबाखूतले की धुरातले, हे सामान्य वाचकाला त्या पोटकलमावरून कळत नाही.

धूर मोजणारे यंत्र हा मोठा मजेदार प्रकार आहे. आंतरराष्ट्रीय प्रमाणित पद्धतीत हे यंत्र ३५ मिलिलिटरचा झुरका घेते, तो २ सेकंदांचा असतो, आणि दर मिनिटाला बरोबर एक. थोटूक ठरलेल्या खुणेपर्यंत आले की थांबते. धूर काचतंतूंच्या गाळणीतून जातो. गाळणीवर जे चिकटते त्याचे वजन करतात, त्यातले निकोटीन वेगळे मोजतात, पाणी आणि निकोटीन वजा करून जे उरते त्याला ‘टार’ म्हणतात. (टार हे एखादे द्रव्य नव्हे, ती एक वजाबाकी आहे, हे मला तेव्हाच कळले.) आता ३५ मिलिलिटर, २ सेकंद, १ मिनिट हे माप आले कुठून? ते १९३६ मध्ये एका अमेरिकन सिगारेट कंपनीच्या रसायनज्ञांनी सुचवलेले आहे. अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने १९६७ मध्ये जवळपास तेच स्वीकारले आणि सिगारेटच्या जातीजातींचे आकडे प्रसिद्ध होऊ लागले. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये तशीच कोष्टके आली. कमी आकड्याची सिगारेट शोधून लोक ती ओढू लागले आणि कंपन्यांनी तशा बाजारात आणल्या. माझ्या वडिलांची ‘हलकी’ ही त्याच वंशातली.

इथे मानसशास्त्राच्या तासाचे ते दोन शब्द आठवावेत. चाचणी कशी असावी हे शिकवताना आमच्या सरांनी ‘विश्वसनीयता’ आणि ‘यथार्थता’ यांतला भेद सांगितला होता. तीच चाचणी पुन्हा घेतली आणि तेच उत्तर आले तर ती विश्वसनीय. पण जे मोजायचे म्हणून आपण निघालो तेच ती मोजते का, हा यथार्थतेचा प्रश्न. दहा वेळा उभे राहिलो आणि वजनकाट्याने दहाही वेळा तेच वजन दाखवले, तर काटा विश्वसनीय; पण त्या आकड्यावरून कुणी उंची सांगू लागला तर? धूर ओढणारे यंत्र अत्यंत विश्वसनीय आहे. पुण्यात चालवा नाहीतर पॅरिसमध्ये, तीच सिगारेट असेल तर आकडा जवळजवळ तोच. मात्र माणूस किती निकोटीन घेतो हे जर मोजायचे असेल, तर त्या यंत्राला यथार्थता नाही. कारण माणूस यंत्रासारखा ओढत नाही. निकोटीन मेंदूपर्यंत पोचायला दहा-वीस सेकंद पुरतात, आणि रक्तातली पातळी उतरू लागली की शरीर मागणी करते. सिगारेट पातळ लागली तर माणूस नकळत झुरका लांबवतो, लवकर दुसरा घेतो, धूर आत धरून ठेवतो, शेवटपर्यंत ओढतो, नाहीतर आणखी एक पेटवतो.

‘हलकी’ सिगारेट यंत्राला हलकी कशी वाटते, याचे रहस्य फिल्टरवर आहे. फिल्टरभोवतीच्या कागदाला अगदी बारीक छिद्रांची एक ओळ असते. कागद उजेडाकडे धरला तर ती दिसते. यंत्र झुरका घेते तेव्हा या छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरते, धूर पातळ होतो आणि आकडा उतरतो. यंत्राला बोटे नाहीत, ओठ नाहीत. माणूस सिगारेट नेमकी तिथेच धरतो आणि छिद्रे बुजतात. कॅनडाच्या आरोग्य खात्याने म्हणूनच अधिक कडक पद्धत बनवली : ५५ मिलिलिटरचा झुरका, दर ३० सेकंदांनी एक, आणि छिद्रे चिकटपट्टीने बंद. या पद्धतीत ‘हलक्या’चा हलकेपणा बराचसा उडून जातो.

हे वाचल्यावर मी घरातली रक्षापात्री तपासली. थोटकाच्या टोकाकडून फिल्टर पाहिला तर छिद्रे मोकळी राहिलेली असताना डाग मधोमध पडतो, कडेला पांढरे वर्तुळ राहते. छिद्रे बुजली असतील तर डाग सगळीकडे सारखा पसरतो. वडिलांची आठवड्याभरातली थोटके मी एका जुन्या लग्नपत्रिकेवर मांडली. आईने नाक धरले, पण ती बघायला मात्र बसली. चाळीस थोटकांपैकी एकतीसांवर डाग कडेपर्यंत गेलेला होता. आणखी एक हिशेब घरातच होता : विडीचे बंडल पूर्वी किती दिवस पुरायचे ते आईला पाठ आहे, आणि आता दिवसाला किती सिगारेटी होतात तेही. छापखान्यात काम वाढले की दोन-तीन जास्तच.

आमच्या घरातली चाळीस थोटके म्हणजे शास्त्र नव्हे. पण शास्त्रानेही याच दिशेने उत्तर दिलेले आहे, आणि तेही फार पूर्वी. १९८३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या नील बेनोविट्झ आणि सहकाऱ्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी यंत्राला सुट्टी दिली आणि ओढणाऱ्यांचे रक्त तपासले. निकोटीन शरीरात लवकर मोडते, निम्मे व्हायला सुमारे दोनच तास. पण त्यापासून बनणारे कोटिनिन हे द्रव्य बराच वेळ टिकते, म्हणून ते मोजले. पाकिटावरच्या कमी आकड्याची सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात कोटिनिन कमी नव्हते. एवढेच नव्हे, त्या सिगारेटींच्या तंबाखूतही निकोटीन कमी नव्हते! २००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने या विषयावरचा सगळा पुरावा एकत्र केला, आणि कमी आकड्याच्या सिगारेटींमुळे रोगाचा धोका कमी होतो असे म्हणायला आधार नाही, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी १९७६ मध्येच सांगितले होते की, माणूस ओढतो निकोटीनसाठी, पण मरतो तो टारने. निकोटीन सवय धरून ठेवते. फुफ्फुसाचा आणि हृदयाचा घात मुख्यतः बरोबर येणारा धूर करतो. म्हणजे निकोटीनच्या भुकेने जास्त ओढलेली ‘हलकी’ सिगारेट धुराच्या बाबतीत हलकी राहतच नाही.

पुढची गोष्ट वाचून तर मी चाटच पडले. ज्या आकड्यासाठी मी पानपट्टीपासून निघाले, तो आकडा ज्यांनी पाकिटावर छापला होता त्यांनीच तो काढून टाकला. अमेरिकन व्यापार आयोगाने २००८ मध्ये यंत्राच्या आकड्यांना दिलेला आपला आधार काढून घेतला. युरोपीय संघाने टार १० मिलिग्रॅम, निकोटीन १ मिलिग्रॅम, कार्बन मोनॉक्साइड १० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा ठेवली, पण २०१४ च्या निर्देशाने हे आकडे पाकिटावर छापायलाच मनाई केली, कारण गिऱ्हाइकाची त्याने दिशाभूल होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराची मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. या कराराला भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी मान्यता दिलेली आहे. आपल्याकडच्या २००८ च्या नियमांनी ‘लाइट’, ‘माइल्ड’ असले शब्द पाकिटावर वापरायला बंदी केली. शब्द गेला, पण रंग राहिला, आणि पानवाल्याची जीभही राहिली.

सिगारेटमध्ये निकोटीन सांगायची काही सोय तरी आहे, विडीचे काय? आपल्या महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न मोठा आहे आणि त्याचे गणितही बोधप्रद आहे. २००१ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी भारतीय विड्यांची आणि तिकडच्या सिगारेटींची तंबाखू तपासली. विडीच्या एक ग्रॅम तंबाखूत सरासरी २१.२ मिलिग्रॅम निकोटीन निघाले, फिल्टरच्या सिगारेटीत १६.३ आणि बिनफिल्टरच्या सिगारेटीत १३.५. म्हणजे तंबाखू विडीची जहाल. पण एका विडीत तंबाखू जेमतेम ०.२ ग्रॅम, सिगारेटीत ०.७ ग्रॅमच्या आसपास. गुणाकार केला तर विडीत सव्वाचार मिलिग्रॅम, सिगारेटीत साडेअकरापर्यंत. या हिशेबाने विडीच ‘हलकी’ ठरायला हवी! प्रत्यक्षात टेंभुर्णीचे पान छिद्रहीन असते, विडी सारखी विझू पाहते, म्हणून तिला भराभर आणि जोराने झुरके द्यावे लागतात. मुंबईचे डॉ. एल. डी. संघवी यांनी हॉफमन आणि वाइंडर या अमेरिकन शास्त्रज्ञांबरोबर १९७४ मध्ये विडीच्या धुराची सिगारेटच्या धुराशी तुलना केली होती. तंबाखू इतकी कमी असूनही विडीच्या धुरातले घातक घटक कमी भरले नाहीत, काही तर जास्तच भरले. वडिलांनी विडी सोडून सिगारेट घेतली यात त्यांनी काही कमावले नाही, तसेच ‘विडी देशी आहे, तिच्यात कागद नाही’ म्हणून तिची तरफदारी करणाऱ्या आमच्या चुलत्यांनीही काही कमावलेले नाही.

आणि धुराचाच विचार करत बसलो तर महाराष्ट्रातले बहुतेक निकोटीन आपल्या नजरेतून सुटेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू घेतात. धूर काढणारे फक्त ३.८ टक्के, पण तोंडात धरणारे २४.४ टक्के. मळलेली तंबाखू, मावा, आणि घराघरांतल्या बायकांची मिश्री. इथे तर निकोटीनचा टक्का सांगून भागतच नाही, कारण मधे चुना येतो. निकोटीन आम्लात बांधलेले असले तर तोंडाच्या त्वचेतून सहज आत जात नाही. चुन्याने तंबाखू अल्कधर्मी झाली की ते मोकळे होते आणि झपाट्याने रक्तात शिरते. तीच तंबाखू, तेवढेच निकोटीन, पण चिमूटभर चुन्याने हिशेब बदलतो. गावाकडे चुना जास्त झाला की तंबाखू ‘लागते’ म्हणतात, त्यात रसायनशास्त्रच आहे. सिगारेटच्या पाकिटावर निदान नाव-पत्ता असतो. मिश्री भाजणारी माझी आजी कुठला आकडा छापणार?

मग विश्वसनीय माहिती म्हणावे तरी कशाला? औषधाच्या दुकानातले उदाहरण मला उपयोगी वाटते. व्यसन सोडण्यासाठी निकोटीनचे चघळण्याचे गम मिळते. त्याच्या पट्टीवर २ मिलिग्रॅम किंवा ४ मिलिग्रॅम असे ठळक छापलेले असते. सोडायला मदत करणारे निकोटीन मोजून मिळते, सवय लावणारे बिनमापाचे! आणि त्या दोहोंतले कुठले घ्यावे हे ठरवताना, माणूस कोणत्या जातीची सिगारेट ओढतो याला फारसे महत्त्व दिले जात नाही. फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या प्रश्नावलीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : सकाळी जाग आल्यावर पहिली सिगारेट किती मिनिटांत पेटवता? पाच मिनिटांच्या आत पेटवणारा निकोटीनच्या चांगलाच ताब्यात गेलेला असतो, मग पाकीट सोनेरी असो वा निळे. या प्रश्नाला ना यंत्र लागते ना प्रयोगशाळा. वडिलांना मी तो विचारला. ते काही बोलले नाहीत, उत्तर आईने दिले : “चहाच्या आधी.” दुसऱ्या दिवशी पाकिटावरचा तो मोफत क्रमांक मी त्यांच्या जुन्या डायरीत लिहून ठेवला. तो त्यांनी अजून लावलेला नाही, पण ‘हलकी’ हा शब्द आमच्या घरातून गेला आहे.

तरीही ‘पाकिटावर आकडा नको’ म्हणून विषय मिटवून टाकावा, असे मला वाटत नाही. गिऱ्हाइकाला निवड करायला म्हणून आकडा घातक असेल. पण समाजाला कळायला आकडा हवाच. ग्राहक संरक्षण कायद्याने, १९८६ च्या आणि आता २०१९ च्याही, मालाचा दर्जा, परिमाण आणि तीव्रता जाणून घेण्याचा हक्क दिलेला आहे. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तिथल्या माणसांना हे समजावून सांगायची गरज नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिगारेटच्या एक ग्रॅम तंबाखूत ०.७ मिलिग्रॅमहून जास्त निकोटीन असू नये असा प्रस्ताव मांडला. वरच्या १६.३ शी तो ताडून पाहावा. हा प्रस्ताव ‘निघते’चा नाही, ‘असते’चा आहे, तिथे छिद्रांची चलाखी चालत नाही. असा विचार उद्या आपल्याकडे करायचा म्हटला, तर इथल्या सिगारेटी, विड्या आणि पुड्यांचे आजचे आकडे समोर असायला नकोत का? मोजण्याच्या पद्धती जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा-जाळ्याने प्रसिद्ध केलेल्या आहेत. हे जाळे २००५ पासून काम करते आहे.

आपल्याला हे झेपणार नाही असे कुणी म्हणू नये. संघवी, राव आणि डॉ. व. रा. खानोलकर यांनी मुंबईतल्या रुग्णांवरून तंबाखूचा आणि तोंडाच्या, घशाच्या कर्करोगाचा संबंध १९५५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवून दिला होता. डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासून त्याचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. एक लाखाच्या वर माणसे, एकेक तोंड उघडून पाहिलेले! विश्वसनीय माहिती अशी मिळते. आणि त्या अहवालात कोण, कधी, कुठे, कसे हे सगळे लिहिलेले आहे, म्हणून दुसरा कुणी ती पारखून पाहू शकतो.

प्रयोगशाळांचे निकाल मागण्याचा एक मार्ग आपल्या कुणालाही मोकळा आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली केंद्र सरकारकडे अर्ज करायला १० रुपये शुल्क पडते, अर्ज मराठीतही चालतो, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. ‘व्यापारी गुपित’ म्हणून माहिती नाकारता येते, पण व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागते, असे त्याच कलमात म्हटलेले आहे. मी अर्जाचा मसुदा केला आहे, राज्यशास्त्राच्या मॅडमनी तो तपासून दिला आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांनी आजवर सिगारेट, विडी आणि तोंडात धरायच्या तंबाखूचे किती नमुने तपासले? निकोटीन तंबाखूत मोजले की धुरात, आणि कोणत्या पद्धतीने? ते निकाल लोकांना कुठे वाचायला मिळतील?